दार तपासले, बंद आढळले

मामाचा उजवा हात मनगटात मोडला. बुधवारी, भर दुपारी, चार नंबर इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तो मोडला तेव्हा त्याची सख्खी भाची आठ पायऱ्या खाली उभी होती, आणि भाची पोलिसात होती.

पण हे असं आधीच सांगून टाकणं बरं नव्हे. तेव्हा असं करू, की हे झालंच नाही. मामाचे दोन्ही हात शाबूत आहेत, बुधवारचे तीन वाजलेत, आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत वस्ती पोलीस पथकाची मासिक बैठक सुरू होते आहे. कुणाला काही लागलेलं नाही. पंखासुद्धा नीट चालतोय.

पथक म्हणजे मुळात दोनच माणसं: फौजदार साहेब आणि हवालदारबाई. तिसरी जागा रिकामी होती आणि ती भरेपर्यंत तिचं काम हवालदारबाईंनीच बघायचं होतं. बैठकीचा नियम साधा होता. रहिवाशांनी हात वर करून त्या महिन्याच्या तीन निकडी ठरवायच्या आणि पथकाने पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीवर काहीतरी करायचं. 'काहीतरी' हा शब्द परिपत्रकातलाच होता.

मागच्या महिन्याची निकड क्रमांक एक होती कबुतरं. साहेबांनी अहवाल वाचला. "कबुतरांबाबत पथकाने सहा वेळा घटनास्थळी भेट दिली. कबुतरे आढळून आली."

"बरं, मग?" पीटी मास्तरांनी विचारलं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. रहिवाशांच्या गस्त गटाचे ते प्रमुख होते.

"नोंद घेतली."

"कबुतरांनी?"

"पथकाने."

हवालदारबाई दाराशी हजेरीची वही घेऊन बसल्या होत्या. बावीस सह्या झाल्या होत्या. तेवढ्यात शिवणकाकू उठल्या. त्या वस्तीतल्या सगळ्यांचे कपडे शिवायच्या, त्यामुळे सगळ्यांची मापं त्यांना ठाऊक होती आणि कुणी त्यांच्याशी वाद घालत नसे.

"साहेब, कबुतरं गेली उडत," काकू म्हणाल्या. "आमच्या दारांवर खुणा केल्यात कुणीतरी. खडूने. खाली, बिजागरीपाशी. काल लादी पुसताना दिसलं. मग मी जिना पुसायच्या निमित्ताने अख्खी इमारत बघितली. सगळ्या दारांवर आहेत. काहींवर बरोबरची खूण, काहींवर गोल."

दोघा-तिघांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"बरोबर म्हणजे घरात माल आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

"आणि गोल?"

"गोल म्हणजे बाई एकटी असते."

"माझ्या दारावर गोल आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्याकडे सगळ्यांनी नव्याने पाहिलं.

काकूंनी मोबाइलमधला फोटो फिरवला. तो हातोहात फिरत हवालदारबाईंपर्यंत आला. त्यांनी तो पाहिला आणि बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला.

बरोबरच्या खुणेची शेपटी वर जाऊन डावीकडे वळली होती. खाली तारीख. तारखेखाली दोन ठिपके. जगात ही खूण एकच माणूस करत असे. तो एकतीस वर्षं लिफ्ट तपासनीस होता, आणि शहरातल्या निम्म्या लिफ्टमधल्या तक्त्यावर 'तपासले' या रकान्यात ही खूण होती. हवालदारबाई त्याच्याच घरी लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणूनही त्याने हीच खूण केली होती, आणि वर्गाच्या बाईंनी निरोप पाठवला होता की मुलगी तपासली म्हणजे नक्की काय केलं ते कळवावं.

आता मामा या गोष्टीत कुठून आला ते सांगायला हवं.

मामी गेल्यावर मामा सात महिने घराबाहेर पडला नाही. रोज सकाळी फ्रिज उघडायचा, दिव्याखाली हात धरायचा, दार लावायचा आणि फ्रिजला चिकटवलेल्या कागदावर खूण करायचा. मग पंखे. मग नळ. भाची संध्याकाळी डबा घेऊन जायची तेव्हा आदल्या दिवशीचा डबा तसाच असायचा, पण त्याच्या झाकणावर खूण असायची.

त्याच सुमारास पथकाला 'दार-दक्षता' योजना आली. स्वयंसेवकाने दुपारी इमारतीत फिरायचं, प्रत्येक दाराचं हँडल दाबून बघायचं. दार बंद असेल तर पुढे जायचं. उघडं निघालं तर वीतभर ढकलून "कोणी आहे का?" असं विचारायचं, दार ओढून घ्यायचं आणि फटीत कार्ड सरकवायचं: 'आपले दार उघडे आढळले. आम्ही चोर नव्हतो. पुढच्या वेळी कोण असेल सांगता येत नाही. आपले, वस्ती पोलीस पथक.'

हवालदारबाईंनी मामाचं नाव यादीत सातव्या नंबरला घातलं. पहिल्याच दिवशी मामा पिवळं जॅकेट घालून सत्तर हँडलं दाबून आला आणि दोन पोळ्या जास्त जेवला. आठवड्याने त्याने नवे बूट घेतले. महिन्याने तो भाचीला म्हणाला, "पोरी, लोक फार ढिले आहेत गं." हे वाक्य तो नोकरीत असताना रोज म्हणायचा. ते ऐकून ती मोरीत जाऊन रडून आली.

मग योजना बंद झाली. लोकांच्या घराची दारं न विचारता उघडून बघण्याला आणखीही एक शब्द आहे आणि तो कायद्याच्या पुस्तकात आहे, हे वरिष्ठ कार्यालयाच्या लक्षात आलं. आदेश आला: सर्व स्वयंसेवकांना लेखी कळवावे, जॅकेट जमा करावे, पोच घ्यावी.

हवालदारबाईंनी अकरा जणांना कळवलं. बारावा उरला तो मामा. त्याची पोच त्यांनी चौकीतच स्वतः सही करून फाइलला लावली. घरचंच माणूस, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी त्या गेल्या तेव्हा मामा टेबलावर सातही इमारतींचे नकाशे पसरून बसला होता आणि गुणगुणत होता. मामी असताना गुणगुणायचा तसं. त्या म्हणाल्या, "मामा, जॅकेट दे, धुवायला न्यायचंय." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कार्डं संपलीत, छापायला टाकलीत." जॅकेट नाही, कार्डं नाहीत, म्हणजे थांबेल आपोआप, असा त्यांचा हिशेब. तीन आठवडे झाले होते. मामा संध्याकाळी म्हणायचा, "जरा हातपाय मोकळे करून आलो," आणि त्या सुटकेचा श्वास टाकायच्या.

एकतीस वर्षं नोंद केल्याशिवाय एकही बटण न दाबलेला माणूस कार्ड नाही म्हणून नोंद करायची थांबवेल, असं ज्या भाचीला वाटलं, तिने पोलिसात जायला नको होतं.

"ठराव मांडतो," पीटी मास्तर उभे राहिले. "निकड क्रमांक एक: दारांवर खुणा करणारा इसम. हात वर."

बावीस हात वर झाले. मास्तरांनी स्वतःचे दोन्ही केले, ते साहेबांनी एक धरले.

"साहेब," हवालदारबाई म्हणाल्या. आता उठायचं आणि सांगायचं, की खुणा माझ्या मामाच्या आहेत. मग साहेब विचारणार, त्यांना कळवलं होतं ना, पोच आहे ना. पोच होती. पोचेवर मामाची सही होती, आणि ती मामाने केली नव्हती. खोटी सही करणाऱ्या माणसाला पोलीस खात्यात काय करतात हे त्यांना पाठ होतं, कारण त्याचं परिपत्रक त्यांनीच भिंतीला लावलं होतं. "साहेब, मला वाटतं, एखादा म्हातारा वगैरे असेल. निरुपद्रवी."

"म्हातारा आहे हे तुम्हाला कसं कळलं?" काकूंनी विचारलं. माप घेणाऱ्या बाईची नजर.

"अक्षर. अक्षर जुन्या वळणाचं आहे."

"टोळीत वयस्कर माणसंही असतात," मास्तर म्हणाले. "अनुभवासाठी."

त्याच क्षणी खोलीतले बावीस मोबाइल एकत्र वाजले. चार नंबर इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. काकूंनी कालच त्यांना खुणा दाखवल्या होत्या, आणि दुपारी दवाखाना बंद असल्याने ते बैठकीला न येता दाराच्या भिंगातून पहारा देत होते. वस्तीच्या मोबाइल गटावर त्यांचा निरोप होता: 'आलाय. जिन्यात आवाज. खाली हँडलं दाबतोय एकेक करून.'

खुर्च्या सरकल्या. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली, मग काढली. "थांबा. असं धावून जायचं नाही. नियम आहे. जायचं की नाही, हात वर करा."

"अहो, तो तिथे दारं उघडतोय," कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच. उद्या कुणी विचारलं, कुणाच्या परवानगीने गेलात? ज्यांना जायचंय त्यांनी हात वर."

हवालदारबाईंनी खिशातला मोबाइल काढून मामाला फोन लावला. रिंग जात होती. तो कुठे वाजत असेल तेही त्यांना दिसत होतं: मामाच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर. कामावर असताना फोन जवळ ठेवायचा नाही हा मामाचा नियम. एकदा फोनवर बोलताना एका सहकाऱ्याने तिसऱ्या मजल्याऐवजी लिफ्टच्या खड्ड्यात पाय टाकला होता.

"अठरा," मास्तर मोजत होते. "विरोधात?"

हवालदारबाईंनी हात वर केला.

"मॅडम, पोलिसांना मत नाही," मास्तर सौम्यपणे म्हणाले.

"मग मी निघते," त्या म्हणाल्या, आणि वही टाकून जिन्याकडे धावल्या.

वाचनालयापासून चार नंबर इमारत दोन गल्ल्या लांब. त्या पळत होत्या, मागून साहेब, साहेबांमागून ठराव मंजूर झालेले रहिवासी. कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या हातात वाचनालयातली वर्तमानपत्राची काठी, तीही वर्तमानपत्रासकट. मास्तर वाटेत स्वतःच्या घरात शिरून पडद्याचा दांडा घेऊन आले. दार उघडं होतं म्हणून वेळ लागला नाही.

"हवालदार, सावकाश," साहेब धापा टाकत म्हणाले. "तो काय तुमच्या घरचा पाहुणा आहे?"

त्या पळत राहिल्या. इमारतीच्या दारात लिफ्ट वर गेलेली होती. त्यांनी जिना धरला. मोबाइल पुन्हा वाजला: 'दुसऱ्या मजल्यावर. मी माझं दार कुलूप न लावता ठेवलंय. येऊ दे आत. दारामागे उभा आहे.'

डॉक्टरांनी हे शौर्याने लिहिलं होतं. शांत, सोशिक माणूस. वर्षानुवर्षं लोकांच्या उघड्या तोंडात हात घालताना कधी आवाज चढवला नव्हता. त्या दुपारी ते पंचाऐंशी किलोंचा सगळा भार खांद्यात घेऊन दारामागे उभे होते आणि हँडल हलायची वाट बघत होते.

पहिला मजला. वर बूट वाजत होते, नवे, करकरणारे. दुसरा मजला. दारांवर खालच्या बाजूला ओल्या बोटाने पुसावी अशी ताजी पांढरी खूण. बरोबर, बरोबर, गोल. वर हँडल खाली दाबल्याचा आवाज आला, बिजागरी बोलली, आणि तोच आवाज, जो त्यांनी लहानपणी शेकडो लिफ्टच्या दारांत ऐकला होता: "कोणी आहे का?"

हवालदारबाई वळणावर आल्या. आठ पायऱ्या वर मामा उभा होता. डाव्या हातात वही, कानावर खडू, उजवा हात वीतभर उघडलेल्या दाराच्या फटीत. पद्धतीप्रमाणे तो आता हात बाहेर घेऊन दार ओढणार होता. तीन महिन्यांत हजारभर वेळा त्याने तसंच केलं होतं.

"मामा," त्या ओरडल्या.

मामाने मान वळवली. भाचीला पाहून त्याचा चेहरा फुलला. हात मात्र होता तिथेच राहिला.

डॉक्टरांनी दार लोटलं.

आवाज मोठा नव्हता. बशीवर कप ठेवल्याएवढा. मामा ओरडलाही नाही. तो खाली बसला, आणि बसता बसता म्हणाला, "कोणीतरी आहे."

मग सगळे आले. जिना भरला. पुढे मास्तर, हातात पडद्याचा दांडा, दांड्याला तीन कड्या, त्या प्रत्येक पायरीला वाजत होत्या. "बाजूला व्हा मॅडम," ते म्हणाले. मागून कुणी म्हणत होतं, धरा. कुणी म्हणत होतं, खिसे बघा. छत्रीचं टोक हवालदारबाईंच्या खांद्यावरून पुढे आलं. त्यांनी ते हाताने बाजूला केलं आणि मामासमोर उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "हा माझा मामा आहे."

दांड्याच्या कड्या थांबल्या.

"कुणाचा?" साहेबांनी विचारलं. ते नुकतेच पोहोचले होते आणि कठड्याला धरून उभे होते.

"माझा. आणि आपलाही. यादीत सात नंबर."

"ती योजना बंद आहे."

"त्याला माहीत नाही."

"माहीत नाही कसं? फाइलला पोच आहे. त्यांची सही आहे, मी स्वतः बघितली."

आत्ताही गप्प बसता आलं असतं. म्हातारा माणूस, विसरला असेल, असं म्हटलं की झालं. मामाच्या वयाला ते खपलंही असतं, आणि लोकांनी च्च् करून त्याला सोडून दिलं असतं. हवालदारबाईंनी मामाकडे पाहिलं. तो मोडका हात मांडीवर ठेवून, डाव्या हाताने वही सरळ करत होता.

"सही माझी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "मी केली. त्याला मी कळवलंच नाही."

साहेबांनी टोपी काढली आणि आत काही लिहिलं असावं तसं तिच्यात बघत राहिले.

"बंद आहे म्हणजे?" मामाने विचारलं. "पोरी, जॅकेट धुवायला दिलंय ना?"

"जमा केलं, मामा."

"आणि कार्डं?"

"छापायला टाकलीच नव्हती."

हात सुजायला लागला होता, पण तो हाताकडे बघत नव्हता. "मग हे तीन आठवडे," तो म्हणाला, "मी काय करत होतो?"

त्यासाठी कायद्याच्या पुस्तकात एक शब्द होता आणि मास्तरांच्या तो जिभेवर होता. पण त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि शब्द आतच ठेवला.

दार हळूच उघडलं. डॉक्टर बाहेर आले, खाली बघितलं, आणि पांढरेफटक पडले. "कुणी डॉक्टर आहे का इथे?" शिवणकाकूंनी विचारलं.

"मी आहे," डॉक्टर म्हणाले. "दातांचा."

तरी त्यांनीच आतून लाकडी पट्टी आणली आणि काकूंनी ओढणी फाडून ती मनगटाला बांधली. एकदाही न मोजता बरोबर लांबीची फाडली. बांधताना डॉक्टर सारखं म्हणत होते, "थोडं दुखेल हं, थोडं दुखेल," आणि मामा म्हणत होता, "तुमचं दार तीन आठवड्यांत अकरा वेळा उघडं होतं. मला वाटलं, घरी कुणी नसतंच."

काकूंनी वही उचलली. "म्हणजे गोल म्हणजे उघडं?"

"दुसरं काय असणार?"

मग जिन्यात एक वेगळीच गर्दी झाली. ज्यांच्या हातात छत्र्या होत्या त्यांनी त्या मिटल्या आणि माना लांब करून आपापला नंबर शोधला. दोन-चारचं काय? पाच-एकचं? आमच्याकडे सुनेचं काम, मी नेहमी लावतो. वहीत मास्तरांच्या घराच्या नंबरासमोर एका ओळीत एकवीस गोल होते. आज आत्ता झालेला धरून बावीस, पण तो वहीत नव्हता. काकूंनी ते मोठ्याने वाचलं नाही, आणि मास्तरांनी दांडा भिंतीला टेकवून ठेवला.

दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत साडेपाच वाजले. बाकावर मामा, बाजूला हवालदारबाई, मांडीवर कोरा अहवाल. साहेब जाताना म्हणाले होते, "जे झालं ते लिहा. सही कुणाची, तेही. मला पुढे पाठवावं लागेल, त्याला इलाज नाही." मग दोन पावलं जाऊन परत आले. "काही विनंती असेल तर शेवटी लिहायची. तिकडे कोणी वाचत नाही, पण जागा सोडलेली असते."

मामा डाव्या हाताने प्लास्टर चाचपत होता, ओलं कुठे आहे ते बघत.

"काय लिहितेस?" त्याने विचारलं.

"तू कामावर होतास, असं."

"होतो का?"

समोरच्या खोलीतून परिचारिकेने एक नाव पुकारलं, ते त्यांचं नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," मामा म्हणाला. "रागावलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. पण सांगायचं होतंस. लिफ्ट बंद असेल तर आपण दारावर पाटी लावतो, पोरी. माणसाला आत चढवून खाली सोडत नाही."

"चुकलं, मामा."

"हं." तो भिंतीला टेकला. "लिही. अक्षर नीट काढ."

त्यांनी नीट काढलं. काय झालं ते सगळं लिहिलं, सही कुणाची ते लिहिलं, आणि शेवटी सोडलेल्या जागेत लिहिलं:

'सबब, मा. वरिष्ठ कार्यालयास नम्र विनंती की, दार-दक्षता योजना ज्या तारखेस बंद करण्यात आली ती तारीख तीन आठवडे पुढे सरकवून आजची, सायंकाळी पाच वाजताची, अशी वाचण्यात यावी, जेणेकरून स्वयंसेवक क्र. ७ हे हात मोडतेवेळी कर्तव्यावर होते असे समजता येईल. खोट्या सहीबाबतची शिक्षा निम्नस्वाक्षरीकर्तीस स्वतंत्रपणे द्यावी. त्याबाबत तक्रार नाही. तसेच योजना बंद झाल्याचे स्वयंसेवकास वरिष्ठ अधिकाऱ्याने समक्ष घरी जाऊन, त्यांस जॅकेट घालावयास देऊन, नव्याने कळवावे, आणि त्यांची पोच डाव्या हाताने, त्यांस लागेल तेवढा वेळ देऊन, घेण्यात यावी.'